मृत्युपत्र, वारसाहक्क आणि आपलं घर

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



समितीने विषय विचारला आणि मी 'मृत्युपत्र' म्हणालो, तेव्हा दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्धापन दिन म्हणजे आनंदाचा दिवस, आणि हा गृहस्थ मरणाच्या गोष्टी काढतो! पण मला विचाराल तर हा विषय बोलायला विहारासारखी दुसरी जागा नाही. अनित्यता आपण वंदनेत म्हणतो, पुण्यानुमोदनात ऐकतो. मग ज्या घरासाठी वीस-वीस वर्षं हप्ते भरले, त्या घराचं आपल्यामागे काय व्हावं हे एका कागदावर लिहायला आपला हात का थरथरतो? माझी वकिली दिवाणी बाजूची. माझ्याकडे येणारी बरीचशी भांडणं सख्ख्या भावाबहिणींची असतात, आणि त्यातली निम्मी तरी त्या एका कागदाअभावी झालेली असतात.

तरुण मुलं पहिला प्रश्न विचारतात तो असा, की आपण बौद्ध आहोत, मग आपल्याला हिंदू वारसा कायदा का? प्रश्न रास्त आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम २ सांगतं, की हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. कायदा अमलात आला १७ जून १९५६ ला, आणि नागपूरची धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी धर्म बदलला, पण वारशाचा कायदा त्यांना तोच राहिला. नावात हिंदू शब्द आहे म्हणून आपण हिंदू ठरत नाही. कायदा कोणाकोणाला लागू, एवढंच ते कलम सांगतं. वेगळा बौद्ध कायदा असावा अशी मागणी आपल्यात आहे, ती चालू राहू दे. पण उद्या घरातलं माणूस गेलं तर वाटणी याच कायद्याने होणार आहे.

आणि खरं सांगायचं तर हा कायदा आपल्याला परका नाही. बाबासाहेब कायदामंत्री असताना त्यांनी जे हिंदू कोड बिल पुढे रेटलं, त्याच्याच पोटातून तो निघाला. मुलीला मुलाइतकाच वाटा मिळावा, विधवेला मालमत्तेची पूर्ण मालकी मिळावी, हे त्या बिलात होतं. ते बिल रखडवलं गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. पुढे त्याचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये वेगवेगळे कायदे झाले. बाईची मालकी पूर्ण झाली, बापाच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत मुलीला बरोबरीचा वाटा आला. परंतु वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क फक्त मुलालाच, ही जुनी गोष्ट तशीच ठेवली गेली. ती दुरुस्त व्हायला अर्धं शतक लागलं. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून त्या तारखेपर्यंत लग्न न झालेल्या मुलींना हा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना दिला, लग्न झालेल्या असोत की नसोत. तरीसुद्धा पंधरा वर्षं वाद चालू राहिला, की २००५ मध्ये बाप जिवंत नसेल तर काय? सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला निकाल दिला की हक्क जन्माने आहे, त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मोडता येत नाही. "आमची तोंडी वाटणी केव्हाच झाली" असं म्हणून भावांना सहजासहजी सुटता येत नाही.

आता मृत्युपत्र केलं नाही तर काय होतं ते सांगतो. पुष्कळांची समजूत अशी, की नवरा गेला की सगळं बायकोचं. तसं नाही. समजा, एका गृहस्थाने स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला. तो वारला. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी आणि म्हातारी आई. त्या फ्लॅटचे पाच सारखे वाटे होतात. आई पहिल्या वर्गाची वारस आहे, वडील नाहीत. वडिलांचा नंबर दुसऱ्या वर्गात. हे ऐकून लोक चकित होतात. पुढचं आणखी ऐका. आजी वर्षभराने वारली. तिचा एक पंचमांश कोणाकडे जाणार? तिच्या सगळ्या मुलामुलींकडे, आणि गेलेल्या मुलाच्या पोरांकडे. म्हणजे ज्या दिराने त्या फ्लॅटला एक पैसा दिला नाही, तोही आता कागदोपत्री त्यात हिस्सेदार झाला. फ्लॅट विकायचा म्हटला की त्याची सही लागणार. दीर चांगला असेल तर चहा पिऊन सही करील. नसेल तर? अशी प्रकरणं मी हाताळली आहेत, आणि त्यात दोष कायद्याचा नाही. आजीला वाटा मिळालाच पाहिजे, ती कुठे जाईल? पण मुलाने चार ओळींचं मृत्युपत्र केलं असतं तर आजीचीही सोय झाली असती आणि सुनेचं घरही अडकलं नसतं.

दुसरी समजूत 'वडिलोपार्जित' या शब्दाची. वडिलांकडून आलं ते सगळं वडिलोपार्जित, म्हणून त्याचं मृत्युपत्र करता येत नाही, असं पारावर बसून सांगणारे बरेच असतात. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता त्यांच्यामागे वारसाने मुलाला आली, तर ती त्या मुलाची स्वतःची होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सांगितलं आहे. आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतलासुद्धा आपला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. दुसऱ्याचा हिस्सा मात्र देता येत नाही.

गावाकडच्या जमिनीचं थोडं बोलू. आपल्यापैकी अनेकांच्या घरी महार वतनाची जमीन आहे किंवा होती. हे वतन म्हणजे गुलामीची साखळी आहे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन सुधारणेचं बिल मांडलं होतं. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं नष्ट झाली आणि जमिनी नवीन शर्तीवर परत दिल्या गेल्या. या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाहीत. वारसाने त्या पुढे जातात; पण सातबाऱ्यावर अजून आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव, वारस साठ-सत्तर, कोणी मुंबईत, कोणी नागपुरात, कोणाचा पत्ताच नाही, ही आपल्या बहुतेक घरांची कथा. एखादा दलाल त्यातल्या दोघांच्या सह्या घेऊन जमीन अडकवतो आणि बाकीच्यांना पाच वर्षांनी कळतं. शासनाने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. ज्यांनी त्या वेळी केलं नाही त्यांनी गावच्या तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस नोंदीचा अर्ज करावा. उतारा हातात आला की दोन गोष्टी बघा. एखाद्याच्या नावापुढे 'एकुमॅ' असं असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागला आहे, एकटा मालक नाही. आणि बहिणींची नावं कब्जेदार म्हणून लागली आहेत, की 'इतर हक्क' या रकान्यात ढकलली आहेत? ढकलली असतील तर दुरुस्तीचा अर्ज द्या. अशा जमिनीचं मृत्युपत्र किंवा सौदा करण्याआधी तहसीलमध्ये तिची शर्त तपासा.

बहिणींचा विषय निघालाच आहे, तर हक्कसोडपत्राबद्दल स्पष्ट बोलतो. कोणाला राग आला तरी चालेल. आपण जयंतीला बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी राजीनामा दिला हे मोठ्या अभिमानाने सांगतो. आणि बाप गेल्यावर पुण्यानुमोदनाला बहीण आली की तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन अंगठा घेतो. "तुझं लग्न थाटात केलं होतं", "भाऊबीज चालू राहील", "माहेर तुटेल" ही तीन वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली आहेत! लग्नाचा खर्च म्हणजे वाटा नव्हे. पूर्वी १९५६ च्या कायद्यात एक कलम असं होतं, की भावांनी वाटणी मागितल्याशिवाय मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ते कलमही २००५ मध्ये काढून टाकलं. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तिचा तो अधिकार आहे, कायद्याला काही म्हणायचं नाही. पण काय सोडते आहे हे तिला वाचून दाखवलं पाहिजे, त्या दिवशीचा बाजारभाव सांगितला पाहिजे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झालं की ते रद्द करून घेणं म्हणजे फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करणं, आणि तेवढी ताकद किती बहिणींकडे असते?

आता नॉमिनी. सभेत मी विचारतो, तुमच्या फ्लॅटला, बँकेला नॉमिनी लावला आहे का? निम्मे हात वर येतात. मग विचारतो, मृत्युपत्र? एखाद-दुसरा हात. लोकांना वाटतं नॉमिनी लावला की काम झालं. नॉमिनी हा मालक नव्हे. पैसे किंवा कागद कोणाच्या हातात द्यायचे, एवढ्यापुरता तो माणूस. मिळालेलं त्याने वारसांना द्यायचं असतं. १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. हाऊसिंग सोसायट्यांसाठी महाराष्ट्रात २०१९ मध्ये सहकार कायद्याला नवीन प्रकरण जोडलं. त्यात सभासद वारल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करण्याची तरतूद आहे. तात्पुरता, हा शब्द लक्षात ठेवा. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एक असेच. सोय चांगली आहे, पण चार झाले म्हणून चौघे मालक झाले असं नाही. थोरल्या मुलाला नॉमिनी केलं, तो म्हणतो वडिलांनी घर मला दिलं, धाकटा म्हणतो वाटा दे. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात, आणि वडील तर विचारायला नाहीत.

चाळीतल्या भाड्याच्या खोलीचा नियम वेगळा आहे, तो आपल्या वस्तीत फार लागतो. पागडीची म्हणा, भाड्याची म्हणा, खोली आपल्या मालकीची नसते, म्हणून तिचं भाडेकरूपण मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हे ठरवलं. भाडेकरू वारला तेव्हा त्याच्या कुटुंबातलं जे माणूस त्याच्याबरोबर राहत होतं, त्याच्याकडे भाडेकरूपण जातं. असं कोणी नसेल तर वारसाकडे. एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. म्हणून रेशनकार्ड, मतदार यादी, विजेचं बिल, हे त्या पत्त्याचे कागद सांभाळा. खोली पुनर्विकासात जाऊन तिच्या जागी मालकीचा फ्लॅट मिळाला की मग तो मृत्युपत्रात घालता येतो.

आता मी मुद्दाम महिला मंडळाकडे वळतो. पुरुषांनी मृत्युपत्र करावं हे सगळेच सांगतात. मी म्हणतो, बायकांनी आधी करावं. आपल्यात नर्स, शिक्षिका, महापालिकेत, पोस्टात नोकरी केलेल्या, स्वतःच्या नावावर घर घेतलेल्या कितीतरी भगिनी आहेत. बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता नवरा आणि मुलांना जाते, इथवर ठीक. पण नवराही नाही, मूलबाळही नाही, तर? तर ती नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता तेवढी माहेरी परतते; तिने स्वतः कमावलेली नाही.

हा नियम किती कठोर आहे ते एका खऱ्या खटल्यावरून कळेल. एका मुलीचं लग्न झालं आणि तीन महिन्यांत नवरा वारला. सासरच्यांनी तिला हाकलून दिलं. माहेरी परतली, आईवडिलांनी शिकवलं, नोकरी लागली, आयुष्यभर कमावलं. बँकेत ठेवी, भविष्य निर्वाह निधी सगळं होतं. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता वारली. आईने दावा केला, सासरकडच्यांनीही केला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो सासरच्या बाजूने. न्यायमूर्तींनाही वाईट वाटलं असेल, पण सहानुभूतीने कायदा बदलत नाही. ज्या घराने चाळीस वर्षं विचारपूस केली नाही, त्या घराने तिची कमाई नेली. हे कलम १५ घटनाबाह्य आहे असं सांगणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्त्रियांना आवाहनच केलं, की बायांनो, मृत्युपत्र करा. देशाचं सर्वोच्च न्यायालय असं सांगतं, तेव्हा आपण संक्रांतीपर्यंत थांबू नये.

आणखी एक अवघड विषय. आपल्या वस्त्यांत शंभर रुपयांच्या बाँडवर फारकत लिहून दुसरं लग्न केल्याची उदाहरणं आहेत. कोर्टाचा घटस्फोट नसेल तर अशा बाँडला सहसा किंमत नाही. मग दुसरी बायको, वीस वर्षं संसार केलेली, कायद्याने वारस होत नाही. तिच्या मुलांना मात्र आईबापाच्या मालमत्तेत वाटा आहे; १ सप्टेंबर २०२३ च्या निकालाने तर बापाच्या वाट्याला येणाऱ्या एकत्र कुटुंबातल्या हिश्श्यातही तो मिळाला. बाईसाठी मात्र मृत्युपत्र हाच उपाय. जे कोणी अशा परिस्थितीत असतील त्यांनी लाज न बाळगता वकिलाकडे जावं.

मृत्युपत्र करायचं कसं? वाटतं तितकं अवघड नाही. वय अठरा पूर्ण आणि मन स्थिर पाहिजे. साधा कागद चालतो, बाँड लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही. मराठीत लिहा, स्वतःच्या भाषेत लिहा. काय काय आहे आणि कोणाला द्यायचं आहे ते घर क्रमांक, गट क्रमांक, खाते क्रमांकासह लिहा. प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा करा. दोन साक्षीदार हवेत, आणि त्यांनी तुम्हाला सही करताना पाहून मग स्वतः सही करायला हवी. यातच पुष्कळ मृत्युपत्रं फसतात. सही आज, साक्षीदाराची सही चार दिवसांनी त्याच्या घरी जाऊन. असं करू नका. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान असावेत, कारण उद्या कोर्टात निदान एकाला उभं राहून सांगावं लागतं. ज्याला मालमत्ता मिळणार त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या. मुलाच्या घरात, मुलाच्या वकिलाने लिहिलेलं, सगळं त्याच मुलाला देणारं आणि आजारपणात अंगठा घेतलेलं मृत्युपत्र कोर्ट संशयाने पाहतं, आणि पाहिलंच पाहिजे. एखाद्याला कमी द्यायचं असेल तर कारण लिहा. मन बदललं तर नवीन करा. शेवटचं तेच खरं.

मुंबईकरांना एक ताजी गोष्ट सांगायची आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात कलम २१३ होतं. त्यामुळे मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या शहरांत केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेच्या मृत्युपत्रांना हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना प्रोबेट सक्तीचं होतं. पुण्या-नागपूरच्या माणसाला नव्हतं. इंग्रजांच्या राजधान्यांचा तो वारसा शंभर वर्षं चालला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच रद्द केलं. आता प्रोबेटची सक्ती नाही. मात्र वारसांत भांडण असेल किंवा सोसायटी, बँक अडून बसली तर प्रोबेट घेण्याचा मार्ग बंद झालेला नाही, आणि सक्ती गेली म्हणून मृत्युपत्र ढिसाळ केलेलं चालेल असंही नाही.

बायकोला काय द्यायचं ते नीट ठरवा. "पत्नीने हयातीपर्यंत राहावे, पश्चात मुलाने घ्यावे" हे वाक्य मला पन्नास मृत्युपत्रांत दिसतं. लिहिणाऱ्याला वाटतं त्याने दोघांचंही भलं केलं. पण मग ती ते घर विकू शकत नाही, गहाण टाकू शकत नाही, स्वतःच्या ऑपरेशनसाठीसुद्धा नाही. अशा मर्यादित हक्काची पूर्ण मालकी केव्हा होते यावर सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालांत मेळ नाही, डिसेंबर २०२४ मध्ये तो प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला गेला. माझं मत विचाराल तर घर बायकोला पूर्ण मालकीने द्या. ज्या बाईने तुमचा संसार केला तिला तुमच्या पोरांचं कळत नाही असं तुम्हाला वाटतं का?

आणि जिवंतपणी घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करण्याची घाई तर मुळीच नको. मुद्रांक कमी लागतो म्हणून लोक भुलतात. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, बक्षीसपत्र नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली सांभाळण्याची अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण अशी अट दस्तात असावी लागते असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात म्हाताऱ्यांच्या बाजूने थोडा उदार अर्थ लावला. करायचंच असेल तर अट लिहूनच करा.

लहान मुलांच्या पालकत्वाबद्दल थोडक्यात सांगतो. कोरोनाच्या २०२०-२१ च्या काळात कित्येक तरुण विधवांना सासरचे सांगत होते, मुलांचा पालक आता काका. हे चूक आहे. वडिलांमागे आईच नैसर्गिक पालक. वडील हयात असूनही ते मुलांकडे लक्ष देत नसतील तर आई पालक म्हणून वागू शकते, हे १९९९ च्या निकालात ठरलं. इतकंच काय, वडिलांनी मृत्युपत्रात काकाला पालक नेमलं तरी आई जिवंत असेपर्यंत ती नेमणूक लागू होत नाही. आई स्वतः मृत्युपत्राने दुसरा पालक नेमू शकते. मुलाच्या वाट्याचं घर किंवा जमीन विकायची तर आईलाही कोर्टाची परवानगी लागते. ती न घेता विकलं तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार मोडू शकतं, म्हणून घेणाऱ्यानेही सावध राहावं.

ज्यांच्या घरी गतिमंद, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल आहे, त्यांना वेगळं सांगायचं आहे. ते मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत सज्ञान. आईबापाची सही चालेनाशी होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिथे पालक नेमून घ्यावा लागतो. आणि मृत्युपत्रात त्याचा हिस्सा सरळ त्याच्या नावावर टाकण्याऐवजी, दोन भरवशाची माणसं विश्वस्त नेमून त्यातून त्याचा खर्च व्हावा असा छोटा खाजगी ट्रस्ट करता येतो. आपण गेल्यावर याचं कोण, ही काळजी असलेले आईबाप या सभागृहातही असतील. त्यांनी माझ्याकडे नंतर या.

विहाराला कोणी काही देऊ इच्छित असेल तर नुसतं "आमच्या विहाराला" असं लिहू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. समितीनेही विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा, नाहीतर दान घ्यायला सही कोणाची, यावरच घोडं अडतं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे सर्व स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या माणसांना तिथे उत्पन्न न पाहता वकील मोफत मिळतो, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरलं जातं. जाताना जातीचा दाखला, मृत्यूचा दाखला, मालमत्तेचे कागद सोबत न्या. ज्यांना आजच काही विचारायचं आहे त्यांनी भोजनदानानंतर मागच्या खोलीत बसावं, मी सहा वाजेपर्यंत आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.